परतफेडीसाठी आलेला मिशनरी

गोरेगाव स्थानकातून पूर्वेकडे निघावे, पश्चिम द्रुतगती महामार्ग ओलांडावा आणि आरे कॉलनीच्या वळणावळणाच्या रस्त्याला लागावे. दोन-चार मिनिटांतच मुंबई मागे पडल्यासारखी वाटते. दुतर्फा झाडी, मध्येच म्हशींचे गोठे आणि आडवाटेला कौलारू, कुडाच्या घरांचे पाडे. केलटीपाडा, खांबाचा पाडा, जीवाचा पाडा, नवशाचा पाडा अशी त्यांची नावे. वारली, मल्हार कोळी, कोकणा समाजाची माणसे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पावसाळ्यात घराभोवतीच्या तुकड्यात भाजीपाला काढतात, वाघोबाला पुजतात आणि शहराच्या मधोमध असूनही शहराच्या हिशेबात फारसे धरले जात नाहीत.

मुंबईला चांगले दूध मिळावे आणि शहरातले तबेले बाहेर जावेत म्हणून १९४९ मध्ये येथे दुग्ध वसाहत उभी राहिली. दारा खुरोडी यांच्या कल्पनेतून आणि धडाडीतून साकारलेल्या या प्रकल्पाचे उद्‌घाटन १९५१ च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. पाडे त्याआधीपासूनचे होते. नंतर वसाहतीतली जमीन एकेका सार्वजनिक कामासाठी दिली जात राहिली आणि पाड्यांभोवतीचे रान आक्रसत गेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीच्या अंधारात दोन हजारांहून अधिक झाडे पाडली गेली, तेव्हा अवघे शहर खडबडून जागे झाले. किती झाडे गेली, आरे हे जंगल आहे की नाही, यावर रस्त्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद झाला. या जंगलात राहणाऱ्यांचे त्यावर काय नाते आहे, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात दबक्या आवाजातच विचारला गेला.

हा प्रश्न ज्याने आयुष्यभर लावून धरला, त्यासाठी आपला धर्मसंघ सोडला, मित्रांशी मतभेद पत्करले आणि अखेर देशही बदलला, तो माणूस जन्माने इंग्रज होता आणि मिशनरी म्हणून पुण्यात आला होता. त्याचे नाव वेरिअर एल्विन.

२९ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडमधील डोव्हर येथे एल्विन यांचा जन्म झाला. घराणे धर्मसेवेचे. वडील एडमंड हेन्री एल्विन हे पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनचे बिशप होते. त्या काळी तो प्रदेश गोऱ्यांचे स्मशान म्हणूनच ओळखला जाई. १९०९ मध्ये पीतज्वराने बिशप एल्विन यांचा तेथेच अंत झाला तेव्हा वेरिअर अवघा सात वर्षांचा होता. तीन मुलांना घेऊन आईने पुढचे दिवस ओढगस्तीत काढले. ती अत्यंत श्रद्धाळू आणि कडक शिस्तीची होती. या वातावरणात वाढलेला मुलगा ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयात गेला, इंग्रजी साहित्यात आणि नंतर धर्मशास्त्रात प्रथम वर्ग मिळवता झाला. पंचविशीच्या आतच ऑक्सफर्डमधील एका धर्मविद्यालयाचा तो उपप्राचार्य होता. पुढे विद्यापीठातील मानाची जागा आणि यथावकाश बिशपपद असा सरळ, सुखाचा रस्ता त्याच्यासमोर दिसत होता.

तो रस्ता त्याने का सोडला? एल्विन यांनी पुढे आत्मचरित्रात याचे कारण सांगितले आहे. त्यांच्या कुळातले आणि देशातले लोक पिढ्यान्‌पिढ्या हिंदुस्थानात गेले ते राज्य करायला आणि तेथून काहीतरी आणायला. आता घरातल्या एकाने तरी द्यायला जावे, राज्य करण्याऐवजी सर्वांत गरीब माणसांची सेवा करावी, असे त्यांच्या मनाने घेतले. प्रायश्चित्त म्हणा, परतफेड म्हणा, ही भावना त्यांच्या निर्णयाच्या मुळाशी होती. १९२७ च्या अखेरीस ते बोटीत बसले आणि मुंबईमार्गे पुण्याला पोहोचले.

पुण्यात त्यांना ओढून आणणारी संस्था होती ख्रिस्त सेवा संघ. नगर जिल्ह्यात मिशनरी म्हणून काम करणाऱ्या जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ती स्थापन केली होती. विन्स्लो हे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे निस्सीम चाहते. टिळकांचे इंग्रजी चरित्रही त्यांनी लिहिले. ख्रिस्ताला या मातीतल्या वेशात आणि भाषेत पाहण्याची टिळकांची तळमळ विन्स्लो यांनी उचलली आणि आश्रमाच्या रूपाने ती पुढे नेली. संघाचे सदस्य खादी नेसत, जमिनीवर मांडी घालून जेवत आणि युरोपीय व देशी असा भेद न मानता एका छपराखाली राहत. छावणीतल्या गोऱ्या साहेबांच्या पुण्यात हे दृश्य अनेकांना खटकत असे. तरुण एल्विन मात्र तेथे रमले. पुढे जन्मभराचे सोबती झालेले शामराव हिवाळे हे मराठी ख्रिस्ती तरुण त्यांना याच संघात भेटले.

जानेवारी १९२८ मध्ये एका परिषदेच्या निमित्ताने एल्विन साबरमतीला गेले आणि गांधीजींना भेटले. ही भेट निर्णायक ठरली. ख्रिस्ताने डोंगरावरील प्रवचनात जे सांगितले ते आचरणात आणण्याचा प्रयत्न एक हिंदू माणूस करतो आहे आणि आपले ख्रिस्ती सरकार त्याला तुरुंगात टाकते आहे, ही विसंगती त्यांना सोसवेना. १९३० चा मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा ख्रिस्ती माणसाने सत्याग्रहाला पाठिंबा का द्यावा हे सांगणारी पुस्तिका त्यांनी लिहिली. गुजरातेत सारावसुलीच्या छळाला कंटाळून शेतकरी घरेदारे सोडून निघून गेले होते. त्या ओस गावांतून हिंडून त्यांनी तेथील हकिगत इंग्रजी वाचकांपुढे मांडली. ब्रिटिश अधिकारी त्यांच्यावर पाळत ठेवू लागले. संघातल्या काही सहकाऱ्यांनाही हे राजकारण मानवेना. १९३१ मध्ये एल्विन संघातून बाहेर पडले.

३ जानेवारी १९३२ ची रात्र त्यांनी मुंबईत, गावदेवीच्या मणिभवनात काढली. गोलमेज परिषदेहून परतलेले गांधीजी तेथे उतरले होते आणि त्यांना कोणत्याही क्षणी अटक होईल अशी बोलवा होती. गच्चीवर तंबू होता. गांधीजी तेथे झोपले होते, एल्विन आणि शामराव जवळच होते. पहाटेच्या अंधारात पोलीस आले. सोमवार असल्याने गांधीजींचे मौन होते. त्यांनी कागदाच्या चिठ्ठ्यांवर निरोप लिहून दिले. त्यातला एक निरोप एल्विन यांच्यासाठी होता. इंग्रजांवर आपण स्वतःच्या देशबांधवांइतकेच प्रेम करतो, हे त्यांना सांगावे, असा त्याचा आशय होता. त्यानंतर काही दिवसांतच एल्विन आणि शामराव वायव्य सरहद्द प्रांतात गेले, खुदाई खिदमतगारांवर चाललेल्या दडपशाहीची माहिती त्यांनी गोळा केली आणि सरकारने त्यांना त्या प्रांतातून हाकलून दिले.

आता पुढे काय, हा प्रश्न होता. एखाद्या शहरी वस्तीत अस्पृश्यांबरोबर राहावे असे एल्विन यांच्या मनात घोळत होते. जमनालाल बजाज यांनी त्यांचे लक्ष मध्य प्रांतातल्या गोंडांकडे वळवले. या लोकांसाठी मिशनरीही काही करत नाहीत आणि काँग्रेसवालेही करत नाहीत, असे त्यांचे सांगणे होते. जानेवारी १९३२ च्या अखेरीस एल्विन आणि शामराव मंडला जिल्ह्यात, नर्मदेच्या उगमाजवळच्या मैकल डोंगरात पोहोचले. करंजिया या गावी टेकडीवर मातीची खोपटी बांधून त्यांनी मुक्काम केला. संत फ्रान्सिसच्या नावाने आश्रम, एक लहानशी शाळा, औषधांची पेटी आणि प्रार्थनेची जागा एवढीच त्यांची शिदोरी होती.

येथपर्यंतची कथा एखाद्या आदर्श मिशनऱ्याच्या चरित्रात शोभण्यासारखी आहे. खरी कसोटी पुढे सुरू झाली.

करंजियात एल्विन यांना दिसली ती गरिबी त्यांनी कल्पिलेल्या गरिबीसारखी नव्हती. संत फ्रान्सिसने वरलेली गरिबी ही एक साधना होती. गोंडांची गरिबी म्हणजे हिवतापाने फुगलेल्या पानथरी, जखमा घेऊन फिरणारे महारोगी आणि वर्षातले काही महिने कंदमुळांवर काढणारी मुले. थोडे खोलात गेल्यावर त्यांना आणखी एक गोष्ट उमगली. ही गरिबी आपोआप आलेली नव्हती. सावकाराने एकदा दिलेल्या चार रुपयांचे कर्ज बापाकडून मुलाकडे उतरत असे. जमीन बाहेरून आलेल्या लोकांच्या नावावर जात असे. वरिष्ठ अधिकारी दौऱ्यावर आला की गावकऱ्यांना त्याचे सामान बिनमोबदला वाहावे लागे. जंगलाचा शिपाई दारात आला की कोंबडी आणि पैसे त्याच्या हातावर ठेवावे लागत. नाहीतर सरपण तोडल्याचा गुन्हा दाखल होई. मोहाची दारू ही गोंडांच्या देवकार्यातली आणि सणासुदीची वस्तू. पण ती घरी गाळणे हा अपराध आणि ठेकेदाराच्या गुत्त्यावर ती विकत घेणे कायदेशीर, असा अबकारी न्याय होता.

ज्यांना द्यायला आपण आलो, त्यांच्याकडून रोज काहीतरी घेतले जात आहे, हे एल्विन यांना कळून चुकले. ते घेणे थांबल्याशिवाय औषधाची पेटी आणि शाळा किती पुरणार?

हे चित्र केवळ मंडल्याचे होते असे मानण्याचे कारण नाही. आपल्या ठाणे जिल्ह्यात याच काळात काय चालले होते ते आठवावे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडून आदिवासींच्या स्थितीची पाहणी करून घेतली. डहाणू-उंबरगाव भागातील वारल्यांची जी दशा त्यात नोंदली गेली, ती करंजियाच्या दशेची सख्खी बहीण शोभावी अशी होती. लग्नासाठी शंभर-दोनशे रुपये उचल घेतलेला वारली ‘लग्नगडी’ बनून धनकोच्या दारी राबत असे आणि त्याची बायकोही त्याच्याबरोबर वेठीला धरली जात असे. जमीनदाराच्या शेतावर आणि जंगल ठेकेदाराच्या कामावर ही वेठ चालत आली होती. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली उठले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगडसह पाच जण ठार झाले. गोदावरीबाईंनी या लढ्याची कहाणी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. आरेच्या पाड्यांतले वारली आणि डहाणूचे वारली यांची बोली, देव आणि भिंतींवरची चित्रे एकच आहेत, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

मंडल्यात मोर्चे काढण्याचा मार्ग एल्विन यांना बंद होता. १९३२ मध्ये ते इंग्लंडला गेले असता पारपत्रासाठी त्यांची अडवणूक झाली. आपण राजकारणात पडणार नाही आणि गोंडांतच काम करू, अशी हमी दिल्यावरच त्यांना परतता आले. राजकीय मित्रांना ही तडजोड रुचली नाही, आणि ती एल्विन यांनाही सहज पचली नसणार. दुसरीकडे चर्चशीही त्यांचे बिनसले. नागपूरच्या बिशपांनी त्यांच्याकडून राजनिष्ठेच्या शपथेची अपेक्षा केली. एल्विन यांनी ती नाकारली आणि बिशपांनी धर्मोपदेशकाचा परवाना देण्याचे नाकारले. ज्या गावात आपण राहतो तेथे कोणालाही ख्रिस्ती करायचे नाही, असे त्यांनी आधीच ठरवून टाकले होते. गोंडांना त्यांचा स्वतःचा धर्म होता, स्वतःची गाणी होती. जिथून सगळेच काहीतरी काढून घेत होते, तेथून त्यांचे देव आपण तरी काढून नेऊ नयेत, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. १९३५ च्या अखेरीस त्यांनी इंग्लंडच्या चर्चचा रीतसर निरोप घेतला. हे त्यांनी हसत केले नाही. ज्या श्रद्धेवर आईने वाढवले, ती सोडताना त्यांना झालेल्या यातना त्यांच्या लेखनात उमटल्या आहेत.

गांधीमार्गापासूनही ते हळूहळू दूर सरकले. जेथे कापूस पिकत नाही तेथे चरखा चालवण्याचा आग्रह त्यांना निरर्थक वाटू लागला. दारूबंदीचा उपदेश गोंडांना केला तर त्याचा अर्थ त्यांच्या देवकार्यालाच अपराध ठरवणे असा होतो, हे त्यांनी पाहिले. जे लोक दिवसभर राबून रात्री करमा नाचतात, त्यांच्यापुढे संयमाचे पाठ वाचण्याची त्यांना लाज वाटू लागली. आश्रमाचे नियम एकेक करून गळाले. गावकरी एल्विन यांना बडा भाई आणि शामरावांना छोटा भाई म्हणू लागले. दवाखाना, महारोग्यांची वसाहत, भांडणतंट्यांचे निवाडे आणि पोलिसांकडची रदबदली हा दैनंदिन व्याप शामरावांनी आपल्या शिरावर घेतला. एल्विन यांच्या ग्रंथांची वाहवा होते तेव्हा त्या ग्रंथांना लागणारा वेळ या मराठी माणसाने मिळवून दिला, हे सहसा सांगितले जात नाही. शामराव स्वतःही अभ्यासक होते. नर्मदाखोऱ्यातील परधानांवर त्यांनी १९४६ मध्ये ग्रंथ लिहिला आणि त्याच वर्षी एल्विन यांचे पहिले चरित्रही प्रसिद्ध केले.

लेखणी हेच आता एल्विन यांचे शस्त्र होते. १९३९ मध्ये त्यांचा ‘द बैगा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बैगा ही मैकल डोंगरातली जमात बेवर पद्धतीची शेती करी. झाडोरा तोडून जाळायचा, राखेत बी पेरायचे आणि दोन-तीन वर्षांनी जागा बदलायची. नांगराने भूमातेची छाती फाडणे हे त्यांच्या लेखी पाप होते. इंग्रजी राजवटीत जंगल खाते स्थापन झाले, रेल्वेच्या स्लिपरांसाठी लाकडाला सोन्याचा भाव आला आणि बेवर हा अपराध ठरला. जंगले राखीव झाली. ज्यांच्या वाडवडिलांनी त्या जंगलाला नाव दिले, ते तेथे चोर ठरले. १८९० मध्ये बैगांसाठी ‘बैगा चक’ नावाचा एक भाग राखून ठेवण्यात आला; बाकीच्या डोंगरावर त्यांची शेती बंद झाली. त्यांच्या पूर्वीच्या सुबत्तेच्या आणि नंतरच्या हतबलतेच्या कथा एल्विन यांनी घराघरांत बसून टिपल्या. ‘द अगारिया’ या १९४२ च्या ग्रंथात त्यांनी लोखंड गाळणाऱ्या जमातीची कथा सांगितली. भट्ट्यांवरील कर, कोळशासाठी बंद झालेले जंगल आणि कारखान्यांतले स्वस्त लोखंड या तिहेरी माऱ्याखाली त्यांचा धंदा कसा चिरडला गेला, हे त्यात आहे. आदिवासी हे अज्ञानामुळे गरीब आहेत, हे सोयीचे उत्तर या ग्रंथांनी मोडीत काढले.

आदिवासींना काही काळ तरी बाहेरच्या लुटीपासून दूर ठेवावे, त्यांच्यासाठी राखीव टापू असावा, अशी सूचना एल्विन यांनी ‘द बैगा’मध्ये केली आणि वादाचे मोहोळ उठले. माणसांना प्राणिसंग्रहालयात ठेवायला निघालेला साहेब, अशी त्यांची संभावना झाली. मुंबई विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ, मूळचे मालवणचे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ मधील आपल्या ग्रंथात या भूमिकेचा कडाडून प्रतिवाद केला. आदिवासी हे वेगळे नसून मागासलेले हिंदू आहेत आणि उर्वरित समाजात मिसळण्यातच त्यांचे हित आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ठक्करबाप्पांचाही अलगतेला विरोध होता. या आक्षेपांत तथ्य होतेच. कुंपण घालून कोणत्याही समाजाला काळाबाहेर ठेवता येत नाही आणि त्याच्या वतीने ते ठरवण्याचा अधिकार ऑक्सफर्डच्या विद्वानाला कोणी दिला, हा प्रश्नही रास्त होता. मात्र मिसळण्याच्या नावाखाली आदिवासी सर्वांत खालच्या पायरीवर मजूर म्हणून मिसळला जातो, या एल्विन यांच्या उत्तरालाही समाजाकडे उत्तर नव्हते. पुढे एल्विन यांनीही आपली भूमिका बरीच सौम्य केली.

एल्विन यांच्या आयुष्यातले एक पान मात्र त्यांच्या चाहत्यांनाही अस्वस्थ करते. १९४० मध्ये त्यांनी कोसी या राजगोंड मुलीशी विवाह केला. वयात मोठे अंतर होते. अधिकार, शिक्षण आणि पैसा यांतले अंतर त्याहून मोठे होते. या विवाहाचा तेव्हा गाजावाजा झाला, चर्चने नाके मुरडली आणि पुरोगाम्यांनी कौतुक केले. संसार टिकला नाही. १९४९ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयात घटस्फोट झाला. एल्विन यांनी पुढे लीला या परधान तरुणीशी विवाह केला आणि तो संसार अखेरपर्यंत टिकला. कोसीबाई मंडला-डिंडोरीच्या त्याच मुलखात राहिल्या, विपन्नावस्थेत म्हाताऱ्या झाल्या आणि २०१० मध्ये वारल्या. आत्मचरित्रात एल्विन यांनी या प्रकरणाला दोन-चार ओळींपलीकडे जागा दिली नाही. त्या काळाची आठवण वेदना देते, एवढेच म्हणून ते पुढे गेले. बैगांच्या आणि मारियांच्या कहाण्या टिपण्यासाठी शेकडो पाने खर्च करणाऱ्या लेखकाचे हे मौन बोलके आहे. परतफेड करायला आलेल्या माणसाच्या खात्यावर हे एक देणे राहून गेले, असे म्हटल्यावाचून त्यांचे चरित्र प्रामाणिकपणे सांगता येत नाही. दुबळ्यांचे शोषण दुष्ट माणसेच करतात, हा समजही त्यामुळे गळून पडतो.

स्वातंत्र्यानंतर एल्विन परत गेले नाहीत. १९५४ मध्ये त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. त्याच वर्षी नेहरूंनी त्यांना ईशान्य सीमा प्रदेशासाठी, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशासाठी, मानववंशशास्त्रीय सल्लागार नेमले. आरेच्या दुग्ध वसाहतीचे उद्‌घाटन करणारे नेहरू आणि एल्विन यांना शिलाँगला धाडणारे नेहरू यांत जेमतेम तीन वर्षांचे अंतर आहे. गोठे, धरणे आणि कारखाने यांतून देश उभा करू पाहणाऱ्या नेत्याला त्याच वेळी डोंगरातल्या माणसाचे काय होईल ही चिंताही होती. एल्विन यांचे ‘अ फिलॉसॉफी फॉर नेफा’ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीला नेहरूंनी प्रस्तावना लिहिली आणि तीत पाच सूत्रे मांडली. लोकांनी आपल्या स्वभावधर्मानुसार वाढावे, बाहेरून काही लादू नये. जमीन आणि जंगल यांवरील त्यांचे हक्क मानावेत. कारभार त्यांच्यातल्याच माणसांना शिकवून त्यांच्या हाती द्यावा. योजनांचा आणि अधिकाऱ्यांचा भडिमार करू नये. आणि किती पैसा खर्च झाला यावर न जाता माणूस कसा घडला यावरून यश मोजावे. आदिवासी पंचशील म्हणून ही सूत्रे ओळखली जातात.

मंडला सोडून एल्विन ईशान्येकडे गेले तेव्हा शामराव मागेच राहिले. पाटणगड हे त्यांचे दोघांचे जुने गाव पुढे वेगळ्याच कारणाने जगाला कळले. जनगढसिंह श्याम हा परधान चित्रकार १९६२ मध्ये तेथे जन्मला आणि त्याच्या चित्रांनी परधान-गोंड कलेला जगभर नेले.

१९६२ च्या चीन युद्धानंतर ईशान्य सीमा प्रदेश वेगळा राखल्याबद्दल एल्विन यांच्यावर पुन्हा टीकेची झोड उठली. तोवर प्रकृती खालावली होती. १९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब मिळाला होता. अनुसूचित जमातींच्या स्थितीचा आढावा घेणाऱ्या ढेबर आयोगाचे सदस्य म्हणून त्यांनी देशभरातील आदिवासी भागांच्या प्रश्नांत लक्ष घातले होते. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. बिशपाच्या या मुलाच्या पार्थिवावर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. त्यांचे आत्मचरित्र त्याच वर्षी प्रसिद्ध झाले आणि १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मरणोत्तर मिळाला.

एल्विन यांना जाऊन सहा दशके लोटली. २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला. जंगलनिवासींवर इतिहासात अन्याय झाला, हे त्या कायद्याने प्रथमच लेखी मान्य केले. आरेच्या बाबतीत २०२० मध्ये सुमारे ८०० एकर क्षेत्र राखीव वन करण्याचा निर्णय जाहीर झाला. तेथील आदिवासींचे हक्क अबाधित राखले जातील असे त्या वेळी सांगण्यात आले. झाडे वाचावीत असे वाटणाऱ्या मुंबईकरांनी त्याचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. पण ‘राखीव वन’ या दोन शब्दांनी मैकल डोंगरातल्या बैगांचे काय केले, हे एल्विन यांनी नोंदवून ठेवले आहे. जंगल वाचवताना जंगलातला माणूस आपोआप वाचत नाही. त्याच्या नावावर काय आहे, हे कागदावर लिहावे लागते.

रविवारी सकाळी फिरायला आरेत जाणाऱ्यांना रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसलेल्या पाड्यातल्या बाया दिसतात. पावसाळ्यात रानभाज्या, उन्हाळ्यात करवंदे. आपण घासाघीस करून जुडी विकत घेतो आणि गाडीत बसतो. ज्या जमिनीतून ती जुडी उगवली, तिच्या सातबाऱ्यावर त्या बाईचे नाव आहे का, असा विचार आपल्या मनात येत नाही. पंचविशीतला एक इंग्रज तरुण हा प्रश्न विचारायला शिकला, त्याला करंजियातली काही वर्षे लागली. आपल्याला तर गोरेगावच्या पलीकडेही जावे लागत नाही.